गिधाडं की विमानं

पायलटकाकांची तेरवी झाली. शेवटची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, आचाऱ्यानं झारे पोत्यात भरले आणि आमच्या एकोडीत कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या जेवणाचं डीब्रीफ झालं नाही. खरं तर गरज होती. वांग्याच्या भाजीत दोघांनी एकमेकांना न विचारता मीठ घातलं होतं. दुसऱ्या पंगतीत वरण पोचलं तेव्हा भात आलेला नव्हता, आणि भात आला तेव्हा वरण पुढच्या ओळीत निघून गेलं होतं. काका असते तर लोकांचे हात वाळायच्या आत खुर्च्या गोल मांडून म्हणाले असते, "बसा. पयले आपली चूक."

खुर्च्या कोणी मांडल्या नाहीत. माणसं मांडवात उगीच रेंगाळली, कशाची तरी वाट पाहिल्यासारखी, आणि मग घरोघरी गेली. मीही आलो. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायला बसतो आहे. रोज थोडं होतं.

स्क्वाड्रन लीडर वामनराव लांजेवार हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पेन्शनच्या कागदांवर. गावात ते पायलट. वडीलधाऱ्यांसाठी पायलटभाऊ, आमच्यासाठी पायलटकाका आणि लहान पोरांसाठी पायलटबाबा. हवाई दलात लढाऊ विमानं चालवून ते परत आले ते थेट तलावाच्या खालच्या धानाच्या बांधीत उतरले. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत सामाईक. मी साकोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण गावात पुस्तक वाचणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर.

त्यांची पहिली ओळख मानेपासून व्हायची. बोलता बोलता ते डाव्या खांद्यावरून मागे पाहत, मग उजव्या, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे चालू. नवख्या माणसाला वाटे, मागून कोणी येत आहे. तोही वळून पाही. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांच्या समोरची अख्खी ओळ वळून पाहू लागली, ती पाहून दुसरी ओळ, आणि मुलीच्या मामानं घाबरून चपला शोधायला सुरुवात केली. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मास्तर, जो मारते तो पुढून येत नाई. माह्या नोकरीत पुढं पाहून जगलेला माणूस मले भेटला नाई."

एस.टी.मध्येही ते शेवटच्या बाकावर बसत. तिथं मागे पाहण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तेवढाच वेळ त्यांची मान आराम करी.

डीब्रीफ ही त्यांनी गावाला दिलेली देणगी. लढाऊ विमानं उतरली की पायलट लोक चहा पिण्याआधी एका खोलीत बसतात आणि झालेल्या उड्डाणाची चिरफाड करतात. तिथं हुद्दा चालत नाही. कालचा पोरगा कमांडरला सांगू शकतो की साहेब, तुम्ही वळण चुकलात. नियम दोनच. आधी स्वतःची चूक सांगायची. आणि खोलीबाहेर पडल्यावर राग धरायचा नाही. काका म्हणत, "फौजेत मले आवडलेली हे एकच चीज. बाकी समदं सलाम ठोकणं होतं."

माझ्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या अंगणात डीब्रीफ लावलं. वरात उशिरा आली होती, मांडवाचा एक कोपरा बसला होता आणि जिलेबी पाहुण्यांच्या आधी माश्यांना मिळाली होती. सरपंच, आचारी, मांडववाला, मी, सगळे बसलो.

"पयले आपली चूक," काका म्हणाले.

सरपंचांनी घसा साफ केला. "माही चूक हे झाली, का मी या मांडववाल्यावर भरोसा ठेवला."

"हे तुमची चूक नाई जी, हे त्याची बदनामी होय. पुन्हा सांगा."

"मंग माही चूक हे, का मी इथं येऊन बसलो."

तासभर असंच चाललं. आचाऱ्याची चूक अशी निघाली की तो मला चांगला माणूस समजला. मग काकांची नजर ओट्यावर चहा पीत बसलेल्या व्याह्यांकडे गेली. मी हातानं नको नको म्हणत होतो. काकांनी खुर्ची सरकवली. व्याही बसले, चौफेर पाहिलं, आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "आम्ही उशीर केला. बँडवाल्यांच्या नावावर खपवला, पण आम्हीच निघालो नव्हतो." वरपित्यानं स्वतःची चूक कबूल केल्याची आमच्या तालुक्यातली ही एकमेव घटना असावी. त्या दिवसापासून डीब्रीफला गावात मान आला.

घरात मात्र कमांडर यमुनाकाकू होत्या. धान पिकायला आलं की पोपटांचे थवे येतात आणि दोघं माळ्यावर बसून डबे बडवतात, ही काकूंची रीत. काकांना ती मंजूर नव्हती. दोघं एका जागी म्हणजे चार डोळ्यांना दोन डोळ्यांचंच काम. एकानं उंचावर, उन्हाला पाठ करून बसायचं, दुसऱ्यानं लांब, खालच्या बांधीत दडायचं. पोपटाला वरचा दिसत नाही आणि खालचा अंगावर येतो. काकू म्हणाल्या, "डबा वाजवा न गप बसा." काकांनी आदेश मोडला. दुसऱ्या सकाळी ते गोफण घेऊन सूर्याच्या बाजूनं आले. पोपट उठले खरे. पण पळाले नाहीत, शेजारच्या बांधीत उतरले, आणि शेजारची बांधी माझी होती. संध्याकाळी डीब्रीफ झालं. काका म्हणाले, डाव बरोबर होता, पोपटांनी तो पाळला नाही. काकू म्हणाल्या, "मंग त्यायलेही बलवा खुर्चीवर. म्हना, पयले आपली चूक."

फौजेतही त्यांचं असंच चाले. एक नवं विमान आलं तेव्हा वरून आलेल्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांचं मत विचारलं. सगळे उत्तम म्हणाले. काकांनी सांगितलं, "सर, खुर्ची फार चांगली आहे. ती विमानाच्या बाहेर फेकते." साहेब हसले नाहीत. काका स्क्वाड्रन लीडर होऊन तिथंच थांबले, त्यात या खुर्चीचा थोडा वाटा आहे. मोठा वाटा दुसऱ्या एका दिवसाचा.

तो दिवस गावाला तोंडपाठ होता, कारण दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला काकांचा फोन वाजे. पलीकडे विंग कमांडर भल्ला असत, लढाईतले त्यांचे कमांडर. भल्लासाहेबांना ऐकू कमी येई, म्हणून ते ओरडत. म्हणून काकाही ओरडत. फोन स्पीकरवर असे, आणि आमची सामाईक भिंत तशी पातळ.

"लांजेवार! मेरी टंकियाँ कहाँ हैं?"

"पाकिस्तान में हैं, सर! ले आइए!"

झालं होतं ते असं. लढाईत हे लोक चार-चारच्या तुकडीनं पश्चिमेच्या सरहद्दीपलीकडे जात. त्यांचं विमान लहान, चपळ, पण पोट लहान. म्हणून पंखांखाली तेलाच्या जादा टाक्या लटकवलेल्या. भल्लासाहेबांचा हुकूम होता की चौघांनी जमिनीला चिकटून, एकमेकांजवळ राहून उडायचं आणि मी सांगेपर्यंत टाक्या टाकायच्या नाहीत. काकांचं म्हणणं, टाक्या लटकवलेलं विमान म्हणजे खताची बंडी जुंपलेला घोडा. शत्रू दिसताक्षणी त्या टाकायच्या, आणि चौघांनी चिकटून न राहता दोघांनी वर राहून मागे पाहायचं. रोज वाद होई आणि रोज भल्लासाहेब जिंकत, कारण ते कमांडर होते.

एका दुपारी परत येताना तिसऱ्या विमानात असलेल्या काकांना मागे वर, उन्हात, दोन ठिपके दिसले. त्यांनी ओरडून सांगितलं, न विचारता टाक्या टाकल्या आणि तुकडी सोडून वर चढले. वर काहीच सापडलं नाही. खाली उतरल्यावर भल्लासाहेबांनी सांगितलं की ती गिधाडं होती. काका म्हणाले, शत्रूची विमानं. भल्लासाहेबांनी त्यांचं उडणं बंद केलं. हुकूम मोडणाऱ्याशी चर्चा नाही म्हणाले, आणि त्या उड्डाणाचं डीब्रीफ घेतलंच नाही.

काकांना हवं होतं ते एवढंच. तेवढं एक डीब्रीफ. दर रविवारी भांडण संपताना ते मागत, "सर, बैठिए एक बार," आणि पलीकडून फोन बंद होई.

गावात याचे दोन पक्ष पडले होते, विमानवाले आणि गिधाडवाले. सुरुवातीला ते विचारानं पडले असतील. पुढे सरपंच विमानवाले म्हणून त्यांचे विरोधक आपोआप गिधाडवाले झाले. ग्रामसभेत गटारीच्या मुद्द्यावर कोणीतरी उठून म्हणे, "तुमाले तं गिधाडंही विमानं दिसतेत," आणि सभा बरखास्त होई. सरहद्द कुणीच पाहिली नव्हती. भंडाऱ्याच्या पलीकडे न गेलेली माणसंही त्या दिवशी ऊन कोणत्या बाजूला होतं हे शपथेवर सांगत.

मीही हे सगळं गंमत म्हणूनच ऐकत होतो. एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसलो असताना मी काकांना म्हटलं, "काका, आता सोडून द्या ना. गिधाड असो का विमान, कोणाला काही झालं तर नाही."

त्यांनी नेहमीसारखं डावीकडे, उजवीकडे मागे पाहिलं. पण वाक्य पुढे चालू झालं नाही. पाण्याकडे पाहत म्हणाले, "झालं नं मास्तर."

काकांचं उडणं बंद झालं म्हणून तिसऱ्या विमानात दुसरा माणूस बसवला गेला. मिस्त्री नावाचा पारशी पोरगा, तुकडीत सगळ्यांत लहान, पियानो वाजवणारा. दोन दिवसांनी त्याच रस्त्यानं चार विमानं गेली आणि तीन आली. तिसरं मागे होतं, मग नव्हतं. कोणी काही पाहिलं नाही, कारण हुकुमाप्रमाणे सगळे पुढे पाहत होते.

"आता पाहा," काका म्हणाले, "विमानं होती, तं भल्लानं माहं ऐकाले पाह्यजे होतं. तो रस्ता बदलला असता, पोरगा वाचला असता. न गिधाडं होती, तं मी फुकट हुकूम मोडला, फुकट खाली बसलो, न माह्या जागेवर तो गेला. दोघापैकी एकानं त्याले मारलं. कोनं, हे तं ठरलं पाह्यजे ना?"

त्यानंतर रविवारी भिंतीपलीकडून ओरडण्याचा आवाज आला की मी पुस्तक मिटून बसत असे.

यंदा धान कापणीच्या आधी काकांच्या छातीत पाणी झालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोनदा काढलं आणि मग घरी न्या म्हणाले. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. मास्क लावल्यावर काका म्हणाले, "तवाही असाच नाकाले चावत होता. एवढ्या वर्षांत काईच सुधारलं नाई." रविवारी फोन वाजला. काकांना ओरडायला दम नव्हता. काकूंनी फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा भल्लासाहेबांशी बोलल्या.

"भल्लासाहेब, अब फोन पर नही. गाडी में बैठो और आओ."

पलीकडून नुसतं "हॅलो, हॅलो" आलं. काकूंनी तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. हुकूमच होता तो.

आठवड्याभरात ते आले. नव्वदीला टेकलेला ताठ माणूस, पांढऱ्या मिशा, कोट, टाय. सोबत मुलगी. अर्धं गाव अंगणाबाहेर उभं होतं. विमानवाले एका बाजूला, गिधाडवाले दुसऱ्या. काकूंनी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. काकांनी दाढी करून घेतली होती, मास्क काढून ठेवला होता आणि दारापुढच्या छपरीत तीन खुर्च्या मांडायला लावल्या होत्या. तिसरी माझ्यासाठी. "न्यूट्रल माणूस लागते," ते म्हणाले. मिठी, गळाभेट असं काही झालं नाही. भल्लासाहेबांनी वडा खाल्ला, छान आहे म्हणाले, रुमालानं बोटं पुसली आणि बसले.

"पहले अपनी गलती," काका म्हणाले.

"मालूम है मुझे. नियम मैंने सिखाया था." भल्लासाहेबांनी टाय सारखा केला. "मेरी गलती. वो जहाज़ थे, लांजेवार. तू सही था. मैंने भी देखे थे."

बाहेर विमानवाल्यांमध्ये कोणाला तरी तेवढं हिंदी कळलं आणि एक टाळी वाजली. मी काकांकडे पाहिलं. पन्नासाहून जास्त वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य ऐकून माणूस कसा दिसतो, ते मला पाहायचं होतं. काका संतापले होते.

"झूठ," ते म्हणाले.

"क्या?"

"आपने कुछ नहीं देखा. आप सबसे आगे थे, सबसे नीचे थे. सूरज पीछे था." त्यांनी तीन वडे आणि सगळ्यांत पुढे एक ताटली अशी चौघांची तुकडी मांडली आणि मागे, उंचावर, दोन ठिपक्यांच्या जागी माझा चष्मा ठेवला. भल्लासाहेब ताटली होते. "यहाँ से वहाँ देखने के लिए आदमी नहीं, उल्लू चाहिए."

"अब तू मुझे बताएगा मैंने क्या देखा?"

"मैं मर रहा हूँ इसलिए आप मुझे जिता रहे हैं. डीब्रीफ में मेहरबानी नहीं चलती, सर." त्यांना धाप लागली. काकू मास्क घेऊन पुढे झाल्या. काकांनी तो हातानं बाजूला केला. "मेरी गलती सुनिए. वो गिधाड थे. मैंने पंख हिलते देखे थे."

"उस स्पीड पे पंख!" भल्लासाहेब उठून उभे राहिले. "तू पायलट है कि जानवरों का डॉक्टर? इतने साल में कभी बोला पंख?"

"आपने कभी पूछा?"

"जहाज़ थे!"

"गिधाड थे!"

अंगणाबाहेर गोंधळ उडाला. विमानवाल्यांचा पुढारी गिधाडं म्हणत होता आणि गिधाडवाल्यांचा विमानं. सरपंचांनी मला खुणेनं विचारलं, आपण आता कोणत्या बाजूला.

काकू दारात उभ्या होत्या. त्या मराठीतच बोलल्या, "इतके वर्सं दोघं जितासाठी भांडले. आता दोघं हारासाठी भांडून राहिले. त्या पोराले कोनी इचारलं का, त्याले काय दिसलं?"

भल्लासाहेबांना शब्द कळले नसावेत. पण 'पोरा' कळलं असेल, नाहीतर चेहरा. ते खाली बसले. मिस्त्रीचं नाव त्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते भल्लासाहेबांनी उच्चारलं. त्याला कोणती धून आवडायची ते ते सांगू लागले. काकांनी ती चूक असल्याचं सांगून दुरुस्त केली. मग दोघं ती गुणगुणू पाहत राहिले. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला श्वास पुरत नव्हता, त्यामुळे ती कोणती धून होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निघायची वेळ झाली. मुलगी पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवू लागली. नागपूरहून रात्रीचं विमान होतं. काका माझा आणि काकूंचा आधार घेऊन फाटकापर्यंत आले. नको म्हटलं तरी आलेच. भल्लासाहेब गाडीत बसले, काच खाली केली आणि बोट रोखून म्हणाले, "जहाज़ थे, लांजेवार. दिस इज अॅन ऑर्डर."

"ऑर्डर मैं मानता नहीं, सर," काका म्हणाले. "आपको मालूम है."

गाडी निघाली. तलावाच्या पाळीवरचा रस्ता लांबपर्यंत दिसतो. थोडं पुढे गेल्यावर मागच्या खिडकीतून भल्लासाहेबांचा कोटातला हात बाहेर आला आणि पंजा उघडून सावकाश डावीकडे-उजवीकडे हलू लागला. पाळीवर कपडे धूत असलेल्या बायांना वाटलं, पाहुणा टाटा करतो आहे; त्यांनीही हात हलवले. काकांना तो बरोबर कळला. त्यांनी माझा खांदा सोडला, हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच हलवला. नाही. नाही. गाडी वळणाआड गेली तरी तो हात खाली आला नाही.